नमुन्याची फिल्म

लालबाग, बुऱ्हाणपूर
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझ्या सासूबाईंच्या पाया पडते, भाऊजींना नमस्कार. इकडे थंडी सोडली तर तक्रार करण्यासारखं काही नाही. तुझी कंबर कशी आहे? तेल लावतेस की बाटली फळीवर ठेवून तिच्याकडे बघत बसतेस?

पत्र बघून हसशील. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन उचलला की आधी स्पीकर लागतो आणि मग निम्मं तुकईथड मला माझ्या लग्नाचं विचारतं. चुडामणभाऊ रोज केळी घेऊन मंडीत येतात आणि रिकामी गाडी घेऊन परत जातात, तेव्हा हे त्यांच्या हाती देते आहे. तुझ्याच हातात द्या असं दोनदा बजावलं आहे. वाचून झालं की ठेवून दे, बाहेर नको टाकूस.

माझं काम चालू आहे. मी मोबाइलवर गोष्टी करायला शिकवते हे ऐकून सासूबाई मागे म्हणाल्या होत्या, "मोबाइल बी शिकवा लागतो का?" त्यांना सांग, मोबाइल नाही, गोष्ट शिकवावी लागते. आम्ही लोकांना गोल बसवतो. ज्याने त्याने घरून एक वस्तू आणायची, तिच्याबद्दल बोलायचं, मग पानभर हाताने लिहायचं. तेच आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं, वर घरचे फोटो लावायचे, की तीन मिनिटांची फिल्म तयार. शाळांमध्ये करतो, बचत गटांत करतो. मागच्या महिन्यात खकनारकडच्या एका गावात भिकनबाबांनी त्यांच्या म्हशीची गोष्ट केली आणि म्हशीचा आवाज खरा पाहिजे म्हणून हटून बसले. म्हैस तासभर तोंड उघडेना. आम्ही सगळे मोबाइल धरून गोठ्यात उभे.

इथे शहरात वेगळीच गंमत. आमच्या गल्लीत दिवसभर लूमची खडखड, त्यामुळे लाइट गेली की बाकीचे सरकारला शिव्या देतात आणि आम्ही पळत जाऊन रेकॉर्डिंग करतो.

तुझी तृप्ती मजेत आहे. म्हणजे ठीक आहे. होस्टेलच्या बाई म्हणाल्या, जरा कमी जेवते, पण नववीतल्या मुली जेवतात कुठे? तिच्या शाळेतही आमची कार्यशाळा चालू आहे, ते तिने सांगितलंच असेल. ती शाळा माझ्याकडे नाही, माझ्यासोबत काम करणारा भूपेंद्र घेतो आहे. मला त्या आठवड्यात दुसरीकडे जायचं होतं.

आता कामाचं. शनिवारी अकरा वाजता शाळेत मुलांच्या फिल्म दाखवायचा कार्यक्रम आहे आणि पालकांना बोलावलं आहे. तू येऊ नकोस असं मला वाटतं. दोन-अडीच तास लाकडी बाकावर बसायचं, तुझ्या कंबरेचं भजं होईल. कापूस वेचायला बाया लावल्या असशील, त्यांच्या डोक्यावर कोण उभं राहणार? तृप्तीची फिल्म लहानशीच आहे आणि ती दाखवतील की नाही तेही नक्की नाही. मी नंतर निवांत आणून दाखवेन. भाऊजींनाही हेच सांग, आणि सासूबाईंना तर या थंडीत मुळीच निघू देऊ नकोस.

आणखी एक. तृप्तीचा फोन आला आणि तिने लहानपणाचं काही विचारलं, म्हणजे उगाच काहीतरी, तर आधी परीक्षा होऊ दे म्हण. मुलं या वयात काहीही विचारतात.

घाईत आहे, चुडामणभाऊ हॉर्न वाजवताहेत.

मृणाल


लालबाग, बुऱ्हाणपूर
गुरुवार, ११ डिसेंबर

ताई,

चुडामणभाऊंनी काल तुझा निरोप दिला. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत, काच खाली करून म्हणाले, "ताई म्हने, कंबर बरी हाय. शनवारी आम्ही सगळे येतोच. सासूबी येऊ राहिली, तिनं तं नवं लुगडं काढेल हाय."

सासूबाईंनी नवं लुगडं काढलं म्हटल्यावर माझं सोमवारचं पत्र फुकट गेलं. बरंच झालं. ते पत्र खोटं होतं. त्यात म्हैस तेवढी खरी होती.

तेव्हा आता सरळ लिहिते. एकटी असताना वाच. शेतात जाऊन वाचलंस तर उत्तम.

कार्यशाळा सुरू करताना आम्ही एक नमुन्याची फिल्म दाखवतो. गोष्ट कशी सांगायची हे नुसतं बोलून कळत नाही, आणि शिकवणाऱ्याने आधी स्वतःचं काही उघडं केलं की समोरच्यांना धीर येतो, अशी आमची रीत आहे. प्रत्येकाची एक फिल्म असते. भूपेंद्रची त्याच्या वडिलांच्या सायकलवर होती, पण ती फारच कंटाळवाणी, म्हणून आम्ही सगळे माझीच दाखवतो. तीन मिनिटं वीस सेकंदांची आहे. ती तुझ्यावर आहे.

तुझं नाव त्यात नाही. तुकईथडचं नाव नाही, आणि चेहरा कुणाचाच नाही. पण असीरगडच्या आपल्या घराचा निळा दरवाजा आहे. मागची खोली आहे, तुझी खाट आहे. आणि तृप्ती पाच महिन्यांची असताना तू तिला सासूबाईंजवळ ठेवून माहेरी आलीस, चार महिने त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस, बाळाचं नाव काढलं की कानावर हात ठेवायचीस, हे सगळं आहे.

हे मी तुला विचारून केलेलं नाही. चार वर्षं झाली. चौतीस शाळांत आणि कितीतरी गावांत मी ते दाखवलं. बाया रडतात. शिक्षकही डोळे पुसतात. भोपाळला एका कार्यक्रमात ती दाखवली तेव्हा लोक उभे राहिले होते, आणि मी स्टेजवर जाऊन माईकवरून "माझ्या ताईसाठी" असं म्हणाले. त्या दिवशी तुला फोन केला होता, तुला आठवत असेल, मी पेढे घेऊन येते म्हणाले होते. कशाचे ते सांगितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा पगार वाढला म्हणाले.

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मीच करून घेतलेला आहे. गोष्टीत घरच्या कुणाचं दुःख असेल तर फिल्म करण्याआधी त्याला विचारायचं, फॉर्मवर त्याची सही आणायची, आणि तो नको म्हणाला की विषय संपला. मी सातवीच्या पोरांना परत पाठवते, जा, आजीचा अंगठा घेऊन ये म्हणून. भिकनबाबांनी विचारलं, "म्हशीचा बी अंगठा लागन का?" तर मी मोठ्याने हसले होते. माझ्या स्वतःच्या फिल्मच्या फाइलमध्ये फॉर्म नाही. आजवर कुणी मागितला नाही.

तृप्तीची शाळा यादीत आली तेव्हा मी ती भूपेंद्रला दिली. दुसरीकडे जायचं होतं हे खोटं, मी त्या आठवड्यात घरीच होते. तिच्यासमोर ती फिल्म लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणजे आपण काय केलं आहे ते मला पुरतं कळत होतं. पण भूपेंद्रला कारण सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर फॉर्मचंही सांगावं लागलं असतं. त्याने नेहमीप्रमाणे लॅपटॉप उघडला आणि नववीच्या वर्गात माझी फिल्म लावली. आजचा दिवस धरला तर नऊ दिवस झाले.

तो म्हणतो, सगळा वर्ग बघत होता आणि एक मुलगी खाली मान घालून बसली होती. निळा दरवाजा तिने ओळखला असणार, दर उन्हाळ्यात त्याच दरवाजात बसून ती आंबे खाते. आवाज तर माझाच होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर तिनेही आपलं पान लिहून दिलं. "मी पाच महिन्यांची असताना माझी मम्मी मला सोडून गेली होती. हे मला घरात कोणी सांगितलं नाही. माझ्या मावशीने तिला समजावून परत आणलं." त्यावर आजीच्या मांडीवरचा तिचा तो झबल्यातला फोटो लावला आहे. भूपेंद्रने वाचून मला फोन केला, "मॅडम, ही तुमची कोण?" तेव्हा कुठे त्याला कळलं.

मी गेल्या शनिवारी धावत शाळेत गेले. गाद्यांच्या खोलीत, जिथे आम्ही रेकॉर्डिंग करतो, तिथे तिला घेऊन बसले. चार दिवस तिने हे एकटीने पोटात ठेवलं होतं असं मला वाटत होतं, ती रडेल, मी जवळ घेईन, वगैरे. ती रडली नाही. आपल्या पायाच्या नखांकडे बघत बसली.

मी तिला नियम सांगितला. हो, ताई, मी तिला नियम सांगितला. म्हटलं, "बेटा, मम्मीची सही नसेल तर ही फिल्म दाखवता येणार नाही."

तिने वर बघितलं. "मावशी, एक बात सांगा. तुम्ही मम्मीला विचारलं होतं?"

मी नाही म्हणाले.

"मग माझ्यालाच रूल का? मी तर माझी गोष्ट सांगून राहिली. तुम्ही तर दुसऱ्याची सांगितली."

चौतीस शाळांत तोंडाचा पट्टा चालवणारी तुझी बहीण गाद्यांच्या ढिगावर बसून राहिली. मग घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि विचार करून काय केलं, तर तुला कंबरेच्या काळजीचं ते पत्र लिहिलं.

ताई, सासूबाईंनी चौदा वर्षं ही गोष्ट झाकून ठेवली. सुनेला कावीळ झाली होती, दूध बंद झालं, म्हणून पोरगी मी वाढवली, असं त्यांनी गावभर सांगितलं आणि कुणाला पुढे विचारू दिलं नाही. तुला त्यांच्या तोंडाची किती भीती वाटायची! आणि तोंड उघडलं ते मी, जी लोकांच्या मनाला जपायचं प्रशिक्षण देते.

पण अजून मुद्द्यावर आले नाही. चार पानं झाली, तरी मी टाळतेच आहे.

त्या फिल्ममध्ये मी फार चांगली आहे. मी रोज तुझ्याजवळ बसते, काही न विचारता तुझे केस विंचरते, चमच्याने खिचडी भरवते. आणि शेवटी एका सकाळी तू उठतेस, वेणी घालतेस आणि म्हणतेस, "मिनू, माझं पिल्लू वाट बघत असेल." मग एसटीचा फोटो येतो आणि फिल्म संपते. बाया इथेच रडतात.

तू ते कधी म्हणालीच नव्हतीस. ते वाक्य मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाटलं, शेवट जरा बरा होईल. इतक्या वेळा ऐकलं की मलाही कधीकधी खरं वाटायचं. केस तुझे आई विंचरायची, खिचडीही आईच भरवायची. मी एकोणीस वर्षांची होते, माझी पहिल्या वर्षाची परीक्षा होती आणि गावातल्या मुली बसमध्ये मला विचारायच्या, तुझ्या बहिणीला टाकलं का गं? मला तुझी लाज वाटायची. त्या खोलीत मी पुस्तक घ्यायला तेवढी यायची.

आणि त्या संध्याकाळी मी दारात उभी राहून काय बोलले ते तुला आठवतं. मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू मला कधी मिनू म्हटलं नाहीस. "गोठ्यातली गाय बी वासराला चाटते, ताई. तू कोण आहे?" आईने माझ्या थोबाडीत मारली. तू भिंतीकडेच बघत होतीस. दुसऱ्या दिवशी पहाटे आबांना म्हणालीस, मला तुकईथडला सोडा. तू बरी झाली नव्हतीस. मी बोलले म्हणून गेलीस. आता त्या आजाराला नाव आहे, गोळ्या आहेत, बाळंतिणींच्या बैठकीत मी स्वतः त्याची माहिती देते. तेव्हा आपल्याकडे त्याला नाटक म्हणायचे आणि सर्वांत मोठ्याने मीच म्हटलं.

काल मी परत होस्टेलवर गेले आणि हे सगळं, गाईच्या वाक्यासकट, तृप्तीला सांगितलं. तुझ्या आधी तिला सांगितलं, पुन्हा तुला न विचारता. पण मावशीने मम्मीला परत आणलं असं म्हणत ती शनिवारी तुझ्यासमोर उभी राहणार होती. ते मला ऐकवलं नसतं.

आपण फार शूर आहोत असं वाटलं मला, क्षणभर. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे पिल्लूवाली बात मम्मी बोललीच नाही?"

ताई, ती पोरगी आठ दिवस त्या एका वाक्यावर तगून होती. मम्मी गेली, पण पिल्लू वाट बघत असेल म्हणून आली. आणि मी तेही काढून घेतलं. खरं सांगून चांगलं केलं की आणखी घाण केली, मला कळत नाही. रात्रभर डोळा लागला नाही.

माझी फिल्म मी सगळीकडून पुसली आहे. भूपेंद्रला सगळं सांगितलं, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तृप्तीची फिल्म शनिवारी दाखवायची की नाही, ते तिने ठरवलं आहे. "मम्मी येऊ दे. मम्मी हो बोलली तर लावू, नाही तर नाही." सही तिला नको आहे, तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मावशीबद्दलचं वाक्य तिने काढून टाकलं. त्या जागी तिने काहीच भरलेलं नाही, फोटो तसाच राहतो आणि आवाज नसतो. मी कार्यक्रमच पुढे ढकलायचं म्हणाले होते, तर तिने साफ नकार दिला.

तेव्हा अकराला नको, दहाला या. सासूबाईंना आधी काय सांगायचं ते तूच ठरव, मी आता यात माझं डोकं चालवणार नाही. तुझी इच्छा नसेल तर मी समोरही येणार नाही.

पण तृप्तीजवळ जाण्याआधी एवढं वाचून जा. काल मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. स्वेटरची बाही ओढत तिने विचारलं, "मावशी, मम्मी परत आली, तेव्हा मी तिच्याजवळ गेली? की रडली? मी तिला ओळखलं होतं का?"

मला माहीत नाही, ताई. मी तुला हे कधी विचारलंच नाही. तू गेलीस, माझी परीक्षा झाली, मला चांगले मार्क पडले. चौदा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी तुकईथडला दारात काय झालं, नऊ महिन्यांच्या मुलीने तुझ्याकडे बघून काय केलं. चौतीस शाळांत ही गोष्ट सांगत फिरले आणि तिचं पुढे काय झालं हे मला ठाऊक नाही. ते फक्त तुला ठाऊक आहे.

ती शनिवारी तुला हेच विचारणार आहे. काही झालं असलं तरी जसं झालं तसं सांग. गोड करून सांगू नकोस, ते मी करून बघितलं.

दहा वाजता शाळेच्या फाटकाशी असेन. नुसती मान हलवलीस तर निघून जाईन.

पत्राखाली "तुझी" लिहायचा हक्क तू परत देईपर्यंत नुसतीच,

मृणाल